कोडं आणि कूट

रविवारची सकाळ, तर्री-पोह्याच्या प्लेटा, मधे एक वही. वहीत एकच ओळ लिहिलेली होती: सापामागून पाण्याचा लोंढा येतो ते शहर (४).

आमची मैत्रीण अंबाझरी लेआउटमध्ये राहते. तिनं ओळ वाचली आणि पोहे बाजूला सारले. "मी सांगून राहिली ना, त्या पहाटे आमच्या कंपाउंडमध्ये खरंच साप आला होता." मग २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट निघाली: अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली, वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, कोणाची गाडी वाहून गेली, कोणाची पुस्तकं भिजून फुगली. दहा मिनिटं आम्ही पाण्यात होतो. साप आणि लोंढा एकत्र कुठं येतात, केरळात की आसामात, यावरही चर्चा झाली.

उत्तर होतं नागपूर. साप म्हणजे नाग, पाण्याचा लोंढा म्हणजे पूर, एकामागून एक ठेवा. 'ते शहर' एवढाच खरा अर्थ. बाकी सगळं बांधकामाचं सामान.

आमच्या टेबलावर नवीन येणारा प्रत्येक जण इथंच अडकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तो क्रिप्टिक क्लूला, म्हणजे शब्दांच्या बांधणीत उत्तर लपवणाऱ्या कूट ओळीला, कोडं समजतो. आजीनं घातलेलं कोडं आणि हा कूट क्लू दिसायला सख्खे भाऊ वाटतात. दोन्ही एका ओळीचे, दोन्ही फसवणारे, दोन्हींच्या शेवटी "अरे हो!" म्हणून कपाळावर हात. पण त्यांचं काम अगदी वेगळं आहे, आणि हा फरक एकदा कळला की अर्धी गाडी रुळावर येते.

आजीचं कोडं घ्या. हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली. भेंडी. हे कोडं एका वस्तूचं वर्णन आहे. ते सोडवायला डोळ्यांपुढे चित्र आणावं लागतं: हिरवा रंग, अंगावरची बारीक लव, आतले पांढरे दाणे. आमच्यातला एक जण वर्षानुवर्षं म्हणत आला की ही मटाराची शेंग आहे. पेटी हिरवी, मोती आत, कुठं अडतं? अडतं ते फक्त 'काट्यात' या शब्दापाशी. कोड्यात असा वाद राहू शकतो, कारण चित्र दोन वस्तूंना लागू पडू शकतं. आणि हेच कोडं हिंदीत सांगा, तेलुगूत सांगा, भेंडी भेंडीच राहते.

आता हा क्लू बघा: एक मळकट पिशवी, आत फूल (३).

चित्र आणायला जाल तर मळकी पिशवी दिसेल, बाजारातून आणलेला झेंडू दिसेल. तिकडं जाऊच नका. शब्दांकडे बघा, अक्षरांकडे बघा. 'एक मळकट' ही अक्षरं सुटी करून लिहा: ए, क, म, ळ, क, ट. दुसऱ्या अक्षरापासून चौथ्यापर्यंत कमळ बसलेलं आहे. पिशवी म्हणजे ही अक्षरंच, 'आत' म्हणजे खरोखर आत. हा क्लू दुसऱ्या भाषेत नेला तर पिशवी रिकामी होते. कोड्याचं उत्तर वस्तू असतं. कुटाचं उत्तर शब्द असतो, आणि वाट त्या शब्दाच्या अक्षरांतूनच जाते.

म्हणून कुटात वाद उरत नाही. कमळ का आणि मोगरा का नाही, याचा पुरावा वहीत लिहिलेला असतो. कंसातला आकडा अक्षरं सांगतो, क्लूचं एक टोक सरळ अर्थ सांगतं, उरलेला भाग बांधणी सांगतो. दोन्ही वाटा एकाच शब्दावर भेटल्या की उत्तर पक्कं. इंग्लंडमध्ये ए. एफ. रिची 'आफ्रिट' या नावानं क्रिप्टिक शब्दकोडी रचत. त्यांनी १९४९ मध्ये रचणाऱ्यांसाठी नियम घालून दिला: वाक्यातून जे सुचवाल ते मनात असायलाच हवं असं नाही, पण जे मनात आहे ते वाक्यात अक्षरशः असायलाच हवं. मला हा नियम फार प्रामाणिक वाटतो. फसवा, पण खोटं बोलू नका.

साधं शब्दकोडं हा तिसराच प्रकार. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिलं छापलं, ते त्या जातीचं. त्यात 'फूल (३)' एवढंच असतं. आडवे-उभे शब्द जुळले की झालं. ते एकट्यानं चहासोबत सोडवावं.

कुटाला परकं समजू नका. आपल्याकडे संस्कृत पंतोजींच्या तोंडी एक श्लोक असायचा: केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः, रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव. ऐकणाऱ्याला कुरुक्षेत्र दिसतं, कृष्ण पडलेला दिसतो. पण 'के शवम्' असं तोडा: क म्हणजे पाणी, पाण्यात प्रेत पडलंय. द्रोण म्हणजे डोमकावळा, तो खूश. कौरव म्हणजे कोल्हे, ते रडतात, कारण प्रेत पाण्यात असल्यानं त्यांच्या हाती लागत नाही. शब्द तोडायची जागा बदलली आणि महाभारत नाहीसं झालं. 'एक मळकट' मध्ये आपण हेच केलं.

मराठीची एक अडचण मात्र सांगायला हवी. इंग्रजीत अक्षरं विस्कटून नवा शब्द करतात, तेव्हा स्वर सुटे असल्यानं लांबलचक शब्दही फिरवता येतात. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटलेल्या. 'नवरा' कितीही हलवा, त्याचा 'वानर' होत नाही. काना 'रा' सोडून 'वा' वर जात नाही. म्हणून मात्रा नसलेले शब्द सापडले की आम्हाला सणासारखं वाटतं. गरम ढवळल्यावर पाण्यातला शिकारी (३). हा क्लू आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी चहाचा कप हलवता हलवता केला. 'ढवळल्यावर' ही सूचना, 'गरम' हा माल, आणि वर येते मगर.

ओळ फोडायची आमची पद्धतही त्यांचीच. ते डाव्या अंगठ्यानं पहिला शब्द झाकतात आणि बाकीचं वाचतात. मग उजव्या अंगठ्यानं शेवटचा शब्द झाकतात. वाक्याचा गोड अर्थ तिथंच मोडतो. नागपूरच्या क्लूवर त्यांनी 'ते शहर' झाकलं, तेव्हा 'सापामागून पाण्याचा लोंढा येतो' एवढंच उरलं आणि मैत्रिणीच्या अंगणातला साप एकदम नाग झाला.

मित्रांसोबत सोडवण्याची मजा इथंच आहे. कोडं एखाद्यानं आधी ऐकलेलं असलं की तो उत्तर सांगून मोकळा होतो, बाकीचे तसेच राहतात. कुटात एकाच्या हाती बहुतेक वेळा अर्धंच लागतं. एकाला 'हे शहराचं नाव आहे' एवढं दिसतं, दुसऱ्याला 'लोंढा म्हणजे पूर' सुचतं, आणि दोघांचं मिळून उत्तर होतं. ज्याला पूर्ण सापडलं त्यानं बोलायचं नाही, फक्त बोट वर करायचं, हा आमचा नियम. सगळी बोटं वर झाली की मगच वहीत लिहायचं.

आता एक क्लू, ज्याच्यावर आमचं एकमत झालेलं नाही: जिंकणाऱ्याच्या गळ्यात, पडणाऱ्याच्या पदरात (२).

उत्तर हार, यात शंका नाही. तो हार आणि ती हार. पण हे कूट की कोडं? यात अक्षरं तोडली नाहीत, उलटली नाहीत, लपवली नाहीत. दोन चित्रं शेजारी ठेवली आहेत, कोड्यासारखीच. मटारवाला म्हणतो, "काहून बे, हे तर आजीच्या कोड्यात बसते ना!" शिवाय हिंदीतही हा क्लू जसाच्या तसा चालतो, कारण तिथंही हार दोन्ही अर्थांनी आहे. माझं मत: हे कूटच. इंग्रजीत नेऊन बघा, माळ एकीकडे जाते आणि पराभव दुसरीकडे. दोन्ही अर्थांना बांधून ठेवणारी वस्तू जगात नाही, फक्त एक दोन अक्षरी शब्द आहे.

काकांनी अजून बोट वर केलेलं नाही.