किनारी शहरांतील कार्बन उत्सर्जन घट

समुद्रकाठच्या शहरांच्या वीज, वाहतूक, बंदर, बांधकाम, पाणीपुरवठा व सांडपाणी या व्यवहारांतून वातावरणात मिसळणारे कार्बन डायऑक्साइड, मिथेन इ. हरितगृह वायू कमी करण्याचे उपाय. घरांच्या छपरांवरील सौर पटले, विजेवरच्या बसगाड्या, पादचाऱ्यांसाठी सलग रस्ते हे उपाय कोणत्याही शहराला लागू पडतात, म्हणून त्यांचा येथे केवळ उल्लेख केला आहे. किनारी शहराचे वेगळेपण तीन गोष्टींत असते : त्याच्या दारात जहाजे उभी राहतात, त्याच्या शेजारी उष्णता साठवणारा अमर्याद जलसाठा असतो आणि त्याच्या खाड्यांतील चिखल शतकानुशतके कार्बन धरून ठेवतो. यांपैकी पहिली गोष्ट शहरांच्या हिशेबात सर्वांत कमी उतरते.

हिशेबाची सीमा : शहरपातळीवरील उत्सर्जन मोजण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी 2014 साली जागतिक संसाधन संस्था आणि शहरांच्या सी40 व इक्ली या आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून प्रसिद्ध केलेली संहिता वापरली जाते. तीत शहराच्या हद्दीत जळणारे इंधन, शहराने ग्रिडमधून (सामायिक वीजजाळ्यातून) घेतलेली वीज आणि शहरामुळे पण हद्दीबाहेर होणारे उत्सर्जन अशा तीन व्याप्ती आहेत. जहाजांची अडचण येथे सुरू होते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या फेरीबोटी पहिल्या व्याप्तीत येतात. हद्द ओलांडणाऱ्या फेऱ्या तिसऱ्या व्याप्तीत जातात आणि प्राथमिक स्तराचा ताळेबंद मांडणाऱ्या शहराला त्या दाखवाव्याच लागत नाहीत. राष्ट्रीय पातळीवरही चित्र असेच आहे. 1997 च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीच्या इंधनाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला. तेव्हापासून हे उत्सर्जन देशांच्या एकूण बेरजेत न धरता वेगळे नोंदवले जाते. या संघटनेच्या 2020 च्या अभ्यासानुसार 2018 मध्ये जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 2.89 टक्के वाटा जहाजांचा होता.

याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. धक्क्याला लागलेले परदेशगामी जहाज स्वतःचे इंजिन चालवते, तेव्हा त्याचा धूर शहराच्या प्राथमिक ताळेबंदात येत नाही. तेच जहाज इंजिन बंद करून शहराची वीज घेऊ लागले, की ती वीज दुसऱ्या व्याप्तीत शहराच्या नावावर पडते. म्हणजे हवा सुधारते आणि कागदावरचे उत्सर्जन वाढते. बंदरात विकल्या गेलेल्या इंधनावरून वाटा ठरवावा असे एक मत आहे. परंतु सिंगापूर, रॉटरडॅम किंवा फुजैरा येथे भरलेले इंधन जगभर जळते, त्यामुळे हा आकडा त्या शहराबद्दल फार थोडे सांगतो. बंदराच्या हद्दीत जहाजाने घालवलेला वेळ व त्या वेळात वापरलेली शक्ती यांवरून मोजणी करणारी पद्धत अधिक ग्राह्य वाटते, कारण शहराच्या हाती असलेले उपायही त्याच वेळेपुरते असतात. ही नोंद स्वतंत्र रकान्यात का होईना, ठेवल्याशिवाय बंदरातील कोणत्याही उपायाचे फळ दिसत नाही.

धक्क्यावरील वीजपुरवठा : या प्रथेचा आरंभ नेमका कोठे झाला याविषयी एकमत नाही. बंदरात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या युद्धनौकांना किनाऱ्यावरून वीज देण्याची पद्धत व्यापारी जहाजांच्या बरीच आधीची आहे. व्यापारी वाहतुकीत 1980 च्या दशकात स्वीडनमधील फेरीबोटींना कमी दाबाची वीज मिळू लागली होती, असे सामान्यतः मानले जाते. त्यासाठी अनेक केबली हाताने जोडाव्या लागत. योतेबोरी (गोथेनबर्ग) येथे 2000 साली उच्च दाबाची जोडणी आली आणि एकाच केबलीवर काम भागू लागले. अलास्कातील जूनो येथे 2001 मध्ये पर्यटन जहाजांना, तर लॉस एंजेलिसमध्ये 2004 मध्ये कंटेनर जहाजांना ही सोय मिळाली. ‘पहिले बंदर’ हा मान या प्रत्येकाला कोणी ना कोणी दिलेला आढळतो. तांत्रिक दृष्ट्या आजच्या पद्धतीची सुरुवात योतेबोरीपासून धरणे सयुक्तिक ठरेल.

खरी तांत्रिक अडचण कंप्रतेची, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची, आहे. समुद्रगामी जहाजांपैकी बहुतेकांवरील वीज 60 हर्ट्‌झची असते, तर जगाच्या मोठ्या भागात ग्रिड 50 हर्ट्‌झवर चालते. त्यामुळे धक्क्यावर कंप्रता बदलणारी यंत्रणा बसवावी लागते आणि खर्चाचा मोठा हिस्सा तीच खाते. दाबाबाबत 6.6 व 11 किलोव्होल्ट हे दोन टप्पे रूढ झाले असून 2012 मध्ये त्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. मोठे पर्यटन जहाज धक्क्यावर 10 मेगावॉट किंवा त्याहून अधिक शक्ती ओढते. अशा जहाजाने दहा तास वीज घेतली, तर 1 लाख युनिट लागतात. तेवढी वीज जहाजावरील साहाय्यक इंजिनांनी निर्माण केली असती, तर प्रत्येक युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम धरून 70 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असता.

मात्र ग्रिडची वीज कोठून येते याला येथे निर्णायक महत्त्व आहे. कोळशावरच्या विजेचे उत्सर्जन दर युनिटला 900 ते 1,000 ग्रॅमपर्यंत जाते. ग्रिड जवळजवळ पूर्णपणे कोळशावर असेल, तर धक्क्यावर वीज दिल्याने नायट्रोजन ऑक्साइडे आणि काजळी शहरातून हटतात, बंदरालगतच्या वस्त्यांना मोठा दिलासा मिळतो. पण कार्बन घटत नाही, उलट वाढतो. म्हणून या उपायासोबत स्वच्छ विजेचा करार असणे आवश्यक आहे. तेलवाहू जहाजांच्या बाबतीत माल गरम ठेवणारे व पंप चालवणारे बाष्पित्र (बॉयलर) चालूच राहतात, हीही मर्यादा आहे. युरोपीय संघाने 2030 पासून आपल्या प्रमुख बंदरांत कंटेनर व प्रवासी जहाजांना धक्क्यावरील वीज घेणे बंधनकारक केले आहे. तेलवाहू जहाजे त्या नियमात नाहीत.

केबलीची गरज नसलेला उपाय म्हणजे धक्का रिकामा होण्याची वेळ जहाजाला आधी कळवणे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के कमी केला, तर तेच अंतर कापायला सुमारे 19 टक्के कमी इंधन लागते. तरीही पूर्ण वेगाने येऊन बाहेर नांगर टाकून थांबणे अनेक बंदरांत नेहमीचे आहे, कारण ‘आधी येईल त्याला आधी धक्का’ हा करारांतील संकेत जुना आहे. हाच नियम शहरातील जलवाहतुकीला लागतो. संथ फेरीबोट रस्त्यावरील वळसा वाचवते. अतिवेगवान बोट हा फायदा घालवून बसते. नॉर्वेमध्ये 2015 पासून सोग्न खाडीत धावणारी ‘अँपिअर’ ही फेरीबोट बॅटरीवर चालते. तेथील स्थानिक ग्रिड अशक्त असल्याने दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या ठेवून त्यांतून बोट भरण्याची युक्ती करण्यात आली. ती इतर ठिकाणीही उपयोगी पडण्यासारखी आहे.

समुद्रातून वीज व उष्णता : डेन्मार्कमधील व्हिंडेबी (1991) हा पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प मानला जातो. शहराच्या दृष्टीने कोपनहेगनसमोरील मिडेलग्रुंडेन अधिक बोधक आहे : 2 मेगावॉटच्या 20 पवनचक्क्या, किनाऱ्यापासून साधारण साडेतीन किमी. अंतरावर, आणि त्यांतील निम्म्या नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या. याच शहराने 2025 पर्यंत कार्बन-तटस्थ (निव्वळ उत्सर्जन शून्य) होण्याचे 2012 मध्ये ठरवले होते. कचरा जाळणाऱ्या केंद्रातील कार्बन पकडण्याच्या योजनेला निधी न मिळाल्याने ते साधणार नसल्याचे 2022 मध्ये मान्य करण्यात आले. पवनविजेने बरेच साधले, पण कचऱ्याचा धूर उरला. भरती-ओहोटीवरील वीज फ्रान्समधील रान्स नदीमुखावर 1966 पासून मिळते. तिला भरती व ओहोटीच्या पातळ्यांत मोठा फरक लागतो, त्यामुळे ती थोड्याच शहरांना शक्य आहे.

समुद्राचे तापमान हवेपेक्षा फार कमी चढते-उतरते. थंड प्रदेशात उष्मापंप त्यातून घरे तापवण्यापुरती उष्णता खेचतात. स्टॉकहोममध्ये अशी यंत्रे 1980 च्या दशकापासून चालू आहेत, तर डेन्मार्कमधील एस्बियर्ग येथे कोळशावरचे केंद्र बंद करून त्याच्या जागी समुद्राच्या पाण्यावरील उष्मापंप आणले गेले. उष्ण प्रदेशात उलट गरज असते. खोल समुद्राचे थंड पाणी आणायचे तर किनारा एकदम उतरता हवा. उथळ उपसागराकाठी नळ फार लांब जातो. तेथे पृष्ठभागाच्या पाण्याने शीतन यंत्रांची उष्णता वाहून नेणे एवढेच शक्य असते, तरी हवेवर थंड होणाऱ्या यंत्रांपेक्षा वीज वाचते.

दमट हवा हा स्वतंत्र प्रश्न आहे. वातानुकूलनाची बरीच वीज हवेतील बाष्प काढण्यात जाते. बाष्प शोषून घेण्याची व्यवस्था निराळी ठेवली, तर हवा नको इतकी गार करावी लागत नाही. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांना वाट ठेवणे हा तर बिनविजेचा उपाय. किनाऱ्याला समांतर उंच इमारतींची भिंत उभी राहिली, की मागच्या वस्त्यांत वारा पोचत नाही आणि तेथे यंत्रे वाढतात. हाँगकाँगमध्ये 2006 पासून मोठ्या सरकारी विकासप्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी केली जाते.

पाणी व सांडपाणी : समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करायला व्यस्त परासरणाने (पाणी दाबाने सूक्ष्मछिद्री पटलातून गाळून) दर घनमीटरला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. म्हणून गळती थांबवणे व वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे यांना अग्रक्रम द्यावा लागतो. हाँगकाँगमध्ये बहुसंख्य घरांत शौचालयासाठी समुद्राचेच पाणी सोडतात. ही व्यवस्था 1950 च्या दशकातील आहे. सांडपाणी व कचराभूमीतील मिथेन गोळा करून जाळणे वा वापरणे हा स्वस्तातील उपाय आहे, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात 1 टन मिथेन सुमारे 27 ते 30 टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो.

नील कार्बन : खारफुटी, खाजणातील गवते व सागरी गवते यांनी साठवलेल्या कार्बनला ही संज्ञा 2009 पासून रूढ झाली. याविषयीचे दावे तपासून घ्यावे लागतात. खारफुटीचे क्षेत्र दर हेक्टरी वर्षाला साधारण 6 ते 8 टन कार्बन डायऑक्साइड धरते असे धरले, तर 100 हेक्टरची लागवड 600 ते 800 टन देते. दरडोई 2 टन उत्सर्जनाच्या 10 लाख वस्तीच्या शहरापुढे हा वाटा 0.04 टक्क्यांहून अधिक भरत नाही. समुद्रशैवालाचा साठा यात धरावा की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चिखलातील जुना साठा ही मात्र निराळी बाब होय. हिंद-पॅसिफिक भागातील 2011 च्या एका मोजणीत खारफुटीचा सरासरी साठा हेक्टरी सुमारे 1,000 टन कार्बन आढळला, त्यातील बहुतांश मातीत. भराव टाकून वा निचरा करून हा चिखल उघडा पडला, की तो साठा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटू लागतो. तेव्हा नव्या लागवडीपेक्षा उभी खारफुटी राखणे हिशेबात कितीतरी मोठे ठरते. समुद्रपातळी वाढत असताना खारफुटी जमिनीकडे सरकत जाते. तिच्यामागे काँक्रीटची संरक्षक भिंत असेल तर ती सरकू शकत नाही. शिवाय त्या भिंतीच्या सिमेंटचे उत्सर्जन वेगळे मोजावे लागते.