पिझो ॲक्च्युएटर

व्होल्टेज दिले की लांबी किंचित बदलणाऱ्या स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा उपयोग करून एखादी वस्तू नॅनोमीटरच्या मापात हलवणारे साधन, दाबविद्युत् चालक. मोटार आणि स्क्रूने टेबल, म्हणजे वस्तू ठेवायचा सरकता मंच, हलवायचे म्हटले की घर्षण आणि बॅकलॅश, म्हणजे जोडातील ढिलाई, आलेच. पिझोमध्ये एकमेकांवर घासणारा भागच नसतो. पदार्थ स्वतः ताणला जातो आणि त्याला जोडलेली वस्तू तेवढीच पुढे जाते. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, लेझर, सूक्ष्म यंत्रण अशा अनेक क्षेत्रांत अतिसूक्ष्म स्थाननियंत्रणाचे काम हे साधन करते.

१८८० मध्ये पॅरिसला झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी क्वार्ट्झ, टुर्मलिन, रोशेल सॉल्ट अशा स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार उमटतो, हे दाखवून दिले. याच्या उलट परिणामही असलाच पाहिजे, हे गाब्रिएल लिपमान यांनी १८८१ मध्ये ऊष्मागतिकीच्या आधारे मांडले आणि क्यूरी बंधूंनी त्याच वर्षी ते प्रयोगाने पडताळले. ॲक्च्युएटर चालतो तो या उलट परिणामावर. क्वार्ट्झमध्ये हा परिणाम फारच क्षीण असतो : एका व्होल्टला सुमारे २.३ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटेनेट आणि १९५० च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटेनेट, म्हणजे पीझेडटी, ही सिरॅमिके पुढे आली आणि चित्र पालटले. पीझेडटीत झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचे प्रमाण जवळपास निम्मे-निम्मे ठेवले, की दोन स्फटिकरचनांच्या सीमेवर असलेल्या या पदार्थातील ध्रुवणाची, म्हणजे आतील धन-ऋण भारांच्या विभागणीची, दिशा सहज वळते. त्यामुळे एका व्होल्टला ३०० ते ६०० पिकोमीटर इतकी हालचाल मिळते. मात्र भट्टीतून निघालेल्या सिरॅमिकमधील ध्रुव विस्कळीत असतात; तापवून, तीव्र विद्युत् क्षेत्रात ठेवून ते आधी एका दिशेला वळवावे लागतात. वापरताना तापमान फार चढले, तर ही शिस्त पुन्हा मोडते.

पीझेडटीची लांबी वाढून वाढून हजारात एक ते दीड भागाने वाढते. १० मिमी लांबीमागे १० ते १५ मायक्रोमीटर. त्यासाठी दर मिलिमीटरला साधारण २,००० व्होल्ट लागतात. म्हणून सलग ठोकळा न वापरता ०.०५ ते ०.१ मिमी जाडीचे पातळ थर, मध्ये इलेक्ट्रोड घालून, एकावर एक रचून एकत्र भाजतात. अशा थप्पीला १०० ते १५० व्होल्ट पुरतात. १० × १० मिमी छेदाची थप्पी ३,००० न्यूटनहून अधिक, म्हणजे ३०० किलो वजन पेलण्याइतक्या जोराने ढकलू शकते. बाहेरून ओढणारा ताण मात्र तिला सोसत नाही, लगेच तडकते. त्यामुळे ती स्प्रिंगमध्ये आधीच दाबून बसवतात. विजेच्या दृष्टीने ती एक कपॅसिटर, म्हणजे विद्युत् भार साठवणारे साधन, आहे. एका जागी धरून ठेवायला जवळजवळ ऊर्जा लागत नाही, पण वेगाने हलवायची तर ॲम्प्लिफायरला मोठा प्रवाह पुरवावा लागतो. दमट हवेत दीर्घकाळ व्होल्टेजखाली राहिलेल्या थप्पीत गळती वाढत जाऊन ती निकामी होऊ शकते, म्हणून चांगल्या थप्पीवर सिरॅमिकचेच आवरण असते.

पिझोची ख्याती अचूकतेसाठी आहे, पण ही अचूकता सिरॅमिकची नव्हे, हे या विषयात सर्वांत आधी समजून घ्यायला हवे. सिरॅमिक सूक्ष्म हालचाल करू शकते, इतकेच. व्होल्टेज वाढवत नेताना आणि उतरवत आणताना एकाच व्होल्टेजला दोन वेगळ्या जागा मिळतात. हा हिस्टेरेसिस पूर्ण हालचालीच्या १० ते १५ टक्के असू शकतो. शिवाय व्होल्टेज स्थिर ठेवले तरी पदार्थ हळूहळू सरकतच राहतो. या क्रीपचा वेग काळानुसार मंदावतो, पण तो थांबत नाही. १०० मायक्रोमीटर चालणाऱ्या टेबलात १० मायक्रोमीटरची चूक पदार्थाच्या स्वभावातच असेल, तर नॅनोमीटरची भाषा फोल ठरते. व्होल्टेजऐवजी विद्युत् भार नियंत्रित केला तर हिस्टेरेसिस बराच घटतो, हे १९८२ मध्ये न्यूकोम आणि फ्लिन यांनी दाखवले. तरीही भरवशाचा मार्ग एकच : हलणारी वस्तू प्रत्यक्ष कुठे आहे ते मोजायचे आणि फरक दिसेल तसे व्होल्टेज बदलत राहायचे. मोजणीसाठी बहुधा दोन धातूपट्ट्यांमधील फटीवर चालणारा कपॅसिटिव्ह सेन्सर वापरतात. जिथे लेझरच्या तरंगलांबीशीच नाते जोडायचे असते तिथे प्रकाशलहरींच्या साहाय्याने अंतर मोजणारा इंटरफेरोमीटर. अशा टेबलाची खरी लायकी त्याच्या सेन्सरवरून ठरते.

सेन्सर कुठे बसवला यालाही तितकेच महत्त्व आहे. एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेले तत्त्व सांगते, की जे मापायचे ते मापणाऱ्या रेषेवरच असावे. टेबल चालताना एका मायक्रोरेडियनने कलंडले आणि नमुना सेन्सरच्या रेषेपासून १०० मिमी दूर असेल, तर १०० नॅनोमीटरची चूक होते, आणि सेन्सरला तिचा पत्ताही लागत नाही. तापमान याहून बेरकी असते. १०० मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी ०.०१ अंश सेल्सिअसने तापली, तरी सुमारे २३ नॅनोमीटर वाढते. त्यामुळे इन्व्हारसारखे कमी प्रसरण पावणारे मिश्रधातू, खोलीतील हवेचा झोत, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब, या सगळ्यांचा विचार रचनेतच करावा लागतो.

हालचालीला वाट दाखवण्याचे काम फ्लेक्शर करतात. एकाच धातूच्या ठोकळ्यात वायर-कट यंत्राने बारीक चिरा पाडून जागोजागी पातळ माना ठेवलेल्या असतात. त्या लवचिकपणे वाकतात आणि टेबल सरळ सरकते. त्यात बेअरिंग नसल्याने घर्षण नाही आणि वंगणही नाही. याच रचनेत तरफ कोरली की १५ मायक्रोमीटरची हालचाल १०० पर्यंत नेता येते, पण ताठपणा घटतो आणि टेबलाची नैसर्गिक कंप्रता खाली येते. त्या कंप्रतेच्या जवळ जाणाऱ्या वेगाने हलवले की टेबल थरथरू लागते. लांब पल्ला, वेग आणि स्थैर्य यांची ही ओढाताण नियंत्रण अभियंत्यांना आजही पुरून उरली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संतोष देवासिया आणि मिनेसोटा विद्यापीठातील मूर्ती सलपाका यांचे नाव या कामात घेतले जाते.

या साधनाचे सामर्थ्य जगाला दिसले ते झ्युरिकमध्ये. आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी १९८१ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक चालवून दाखवला. त्यात सुईचे टोक पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर ठेवायचे असते, आणि अंतर ०.१ नॅनोमीटरने बदलले की सुई आणि पृष्ठभाग यांमधला विद्युत् प्रवाह सुमारे दसपट बदलतो. हे अंतर पिझो सांभाळतात. येथे सुईचा प्रवाह हाच सेन्सर असतो. अमेरिकेत रसेल यंग यांनी टोपोग्राफायनर या यंत्रात पिझोवर सुई फिरवण्याची कल्पना त्याआधीच वापरली होती, आणि बिनिग-रोरर यांच्या यशाबरोबर त्यांची आठवण ठेवणे न्याय्य आहे. १९८६ च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा बिनिग आणि रोरर यांना मिळाला.

शेकडो मायक्रोमीटरपलीकडे जायचे, तर पिझोला पावले टाकत चालवावे लागते. एका पद्धतीत तो सुरवंटासारखा आळीपाळीने पकडतो, ताणतो आणि सोडतो. दुसरीत तो सावकाश पुढे जाताना वस्तूला घेऊन जातो आणि झटक्याने मागे येतो, तेव्हा जडत्वामुळे वस्तू तिथेच राहते. तिसरीत पृष्ठभागावर श्राव्यातीत लहरी उठवून चकती फिरवतात. कॅननने १९८७ मध्ये कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये अशी मोटार आणली.

चिलीत उभ्या राहणाऱ्या एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप (ईएलटी) या दुर्बिणीच्या ३९ मीटरच्या आरशाचे ७९८ तुकडे आहेत आणि प्रत्येकाखाली तीन ॲक्च्युएटर. जर्मनीतील कार्ल्सरूहेच्या फिझिक इन्स्ट्रुमेंटे या कंपनीने ते घडवले आहेत. त्यांत मोठी हालचाल मोटार-स्क्रू करतो आणि शेवटची बारीक दुरुस्ती पिझो. वाऱ्याने, गुरुत्वाकर्षणाने आणि तापमानाने हलणारे तुकडे एका पृष्ठभागात राखायचे, हे त्यांचे काम.

पिझो कुठे वापरू नये, हे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेत दिसते. तिचे ४० किलोचे मुख्य आरसे काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात आणि त्यांना स्थिरविद्युत् बलाने, स्पर्श न करता, हलवतात. ताठ सिरॅमिकने ढकलले असते तर आधाराची कंपने थेट आरशापर्यंत पोहोचली असती. पण लेझरची कंप्रता जलद सुधारण्यासाठी आणि बाहेर पडणारा प्रकाश गाळणाऱ्या पोकळीची लांबी राखण्यासाठी तिथेही पिझोच असतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली असून पुण्याची आयुका त्यातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून अधिक शिसे असते. युरोपीय संघाच्या घातक पदार्थांविषयीच्या नियमांत त्याला अपवाद म्हणून मुभा मिळत आली आहे. पोटॅशियम-सोडियम नायोबेटसारख्या शिसेविरहित सिरॅमिकांवर संशोधन चालू आहे, पण सर्व तापमानांत पीझेडटीइतकी हालचाल आणि तितके सातत्य देणारा सर्वमान्य पर्याय अजून बाजारात स्थिरावलेला नाही.