पदभ्रमण, महाविद्यालयीन मंडळांचे

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या मंडळामार्फत निघणाऱ्या, किमान एक रात्र उघड्यावर मुक्काम असणाऱ्या आणि निवारा, अंथरूण, शिधा व भांडीकुंडी सॅकमध्ये भरून पाठीवर वाहून नेल्या जाणाऱ्या पायी मोहिमा. सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची सहल, गाडी जवळ उभी करून भरवलेले शिबिर आणि पगारी प्रशिक्षकांचे साहस-अभ्यासक्रम हे प्रकार या व्याख्येत येत नाहीत. यांपैकी शेवटचा प्रकार वगळण्याबद्दल एकमत नाही. अनेक विद्यापीठांत आज दोन्ही व्यवस्था एकाच छपराखाली नांदतात. प्रस्तुत नोंदीत विद्यार्थ्यांचे नेतृत्व हीच कसोटी धरली आहे. ती सोडली, तर या मंडळांचा इतिहास शालेय सहली आणि पर्यटन-व्यवसाय यांच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

उगम : सुटीत डोंगरांत पायी भटकण्याची विद्यार्थ्यांची रीत मंडळांहून पुष्कळ जुनी आहे. केंब्रिजचे विद्यार्थी असताना विल्यम वर्ड्सवर्थ आणि रॉबर्ट जोन्स यांनी १७९०च्या उन्हाळ्यात फ्रान्समधून आल्प्सपर्यंत केलेली पायपीट हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. मात्र दोघे मित्र म्हणजे मंडळ नव्हे. शिवाय वर्ड्सवर्थने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार त्यांच्या पाठीवर पिशवी नव्हतीच. लागणाऱ्या वस्तू रुमालात बांधून घेतल्या होत्या. जिनीव्हाचे रोदॉल्फ टोपफर एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात आपल्या निवासी शाळेतील मुलांना आल्प्समध्ये पायी नेत. तेथे चालणारी मुले शाळकरी होती आणि म्होरक्या शिक्षक होता.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचा दावा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. तेथून १८३५मध्ये निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी नोव्हा स्कोशियाला एक मोहीम गेली होती आणि अमेरिकी महाविद्यालयाची ती पहिली वैज्ञानिक मोहीम मानली जाते. तिच्याशी संबंधित असलेले प्राध्यापक अल्बर्ट हॉपकिन्स यांनी १८६३मध्ये विल्यम्सटाउनचा अल्पाइन क्लब काढला. स्त्रियांना आरंभापासून सदस्यत्व देणारा हा क्लब बहुधा अमेरिकेतील सर्वांत जुना गिरिभ्रमण क्लब असावा. तथापि तो अल्पायुषी ठरला आणि त्याचे स्वरूप विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापक व गावकरी यांच्या मंडळाचे होते. बॉस्टनच्या ॲपलेशियन माउंटन क्लबविषयीही (१८७६) थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल. त्याच्या स्थापनेत एडवर्ड पिकरिंग या भौतिकीच्या प्राध्यापकाचा पुढाकार होता.

खऱ्या अर्थाने विद्यार्थ्यांची मंडळे प्रथम जर्मनभाषक प्रदेशांत आढळतात. म्यूनिकचा अकादमिक अल्पाइन संघ १८९२चा, तर झुरिकचा १८९६चा. ब्रिटनमध्ये केंब्रिज (१९०५) आणि ऑक्सफर्ड (१९०९) येथील गिर्यारोहण क्लब त्यांच्या मागून आले. परंतु या सर्वांचे उद्दिष्ट कड्यांचे व शिखरांचे आरोहण हे होते. पाठीवर ओझे घेऊन चालणे म्हणजे त्यांच्या लेखी पायथा गाठण्यापुरती हमाली. नवख्याला सहज प्रवेश नसे, आणि भटकंतीच्या मंडळाचा तर सगळा कारभार नवख्यांवर चालतो. हा भेद उगमाच्या चर्चेत पुरेसा लक्षात घेतला जात नाही.

वांडरफोगल या जर्मन युवा-चळवळीत मूळ शोधण्याचाही मोह होतो. बर्लिन विद्यापीठाचा विद्यार्थी हेर्मान होफमान हा बर्लिनलगतच्या श्टेग्लिट्स येथील शाळेत लघुलेखन शिकवत असे. त्याने १८९६पासून तेथील मुलांना भटकंतीला नेण्यास सुरुवात केली. कार्ल फिशरच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९०१मध्ये त्याला संघटनेचे रूप आले. मोठ्यांच्या देखरेखीवाचून चालणे, स्वतः रांधणे आणि मिळेल तेथे झोपणे ही लक्षणे जुळतात. जपानच्या बाबतीत ही वंशावळ निर्विवाद आहे. तेथील विद्यापीठांत १९३०च्या दशकात निघालेल्या क्लबांनी वांडरफोगल हे नावच उचलले आणि ते आजतागायत टिकून आहे, जरी जर्मनीतील मूळ संघटना नाझी राजवटीत १९३३पासून मोडीत काढण्यात आल्या. अमेरिकी मंडळांशी मात्र असा थेट दुवा जोडणे अवघड आहे. साम्य दिसते ते समकालीनत्वाचे असण्याची शक्यता अधिक.

बहुतेक लेखनात पहिलेपणाचा मान न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ आउटिंग क्लबला दिला जातो. फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने डिसेंबर १९०९मध्ये महाविद्यालयाच्या वृत्तपत्रात पत्र लिहून क्लबची कल्पना मांडली. पत्राची तारीख धरायची की प्रत्यक्ष संघटनेची, यावर स्थापनावर्ष १९०९ किंवा १९१० असे दिले जाते. क्लब स्वतः १९०९ मानतो. येथे सांगण्याजोगी गोष्ट अशी की, हॅरिसच्या डोळ्यांसमोर उन्हाळी भटकंती नव्हतीच. लांबलचक हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी खोल्यांत कोंडून न घेता स्की आणि बर्फबूट घालून बाहेर पडावे, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे क्लबने रानात लाकडी निवाऱ्यांची साखळी उभारली, त्यांना जोडणाऱ्या वाटा काढल्या, आणि त्या वाटांमुळे बर्फ नसतानाही चालणे सुरू झाले. बेंटन मॅके यांनी १९२१मध्ये सुचवलेली आणि १९३७मध्ये सलग झालेली सुमारे ३,५०० किमी. लांबीची ॲपलेशियन वाट या भागातून जाताना क्लबच्याच जुन्या वाटांचा आधार घेते. खुले सदस्यत्व, सामायिक साहित्य, विद्यार्थी लीडर आणि नवख्यांचे स्वागत ही चारही लक्षणे एकत्र प्रथम येथे दिसतात. त्यामुळे ‘सर्वांत जुने मंडळ’ म्हणण्यापेक्षा आजच्या रूपाचा नमुना म्हणून डार्टमथकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रसार : विल्यम्स कॉलेजचा आउटिंग क्लब १९१५चा. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी कॉलेजात १९२१मध्ये भ्रमंतीचा क्लब निघाला आणि त्या देशातील इतर विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकेच्या ईशान्य भागातील क्लबांनी १९३२मध्ये आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन केली. त्या काळी तेथील अनेक महाविद्यालये केवळ पुरुषांची वा केवळ स्त्रियांची होती. त्यांच्या संयुक्त मोहिमा निघू लागल्या याचे श्रेय बव्हंशी या संघटनेला जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेसुरले तंबू, झोपण्याच्या पिशव्या आणि नायलॉनचे दोर स्वस्तात बाजारात आले. विद्यार्थ्यांच्या तुटपुंज्या वर्गणीत साहित्याची खोली भरू शकली ती त्यामुळे. रानभूमी-संरक्षणाचा १९६४चा आणि राष्ट्रीय वाटांचा १९६८चा असे दोन अमेरिकी कायदे होईपर्यंत ही हौस लोकचळवळ बनली होती.

नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या आरंभीच काही दिवस रानात नेण्याची प्रथा डार्टमथमध्ये १९३५पासून आहे. प्रिन्स्टनमध्ये १९७४पासून व हार्व्हर्डमध्ये १९७९पासून तशाच स्वरूपाचे उपक्रम चालतात. या मोहिमांत वाट सोपी आणि चाल थोडी असते. अनोळखी मुलामुलींची एकमेकांशी गाठ पडावी हा खरा उद्देश. काटेकोरपणे पाहिले, तर त्यांतील काही उपक्रम विद्यापीठाच्या कचेरीचे आहेत, मंडळाचे नाहीत.

भार व सॅक : पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न मंडळांच्या इतिहासात सतत डोके वर काढतो. नॉर्वेच्या ओले बेर्गान यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सॅकला पाठीच्या बाकाची चौकट जोडली. अमेरिकेत १९२०च्या दशकात ट्रॅपर नेल्सन नावाची लाकडी चौकट प्रचारात आली. खरी कलाटणी १९५२च्या सुमारास डिक केल्टी यांच्या ॲल्युमिनियमच्या बाह्य चौकटीने दिली. या चौकटीला कमरपट्टा जोडल्याने भार खांद्यांवरून नितंबांच्या हाडांवर उतरला. चौकट पिशवीच्या आत घालण्याची ग्रेग लो यांची रचना १९६७ची. ती अंगाला चिकटून बसते, त्यामुळे खडकाळ वाटेवर तोल सांभाळणे सोपे जाते. तरीही अनेक मंडळांच्या साहित्यखोलीत बाह्य चौकटीच्या सॅक नंतरही बराच काळ टिकल्या, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे : एकच सॅक दर आठवड्याला वेगळ्या उंचीच्या माणसाला बसवावी लागते.

शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त ओझे नवख्याला देऊ नये, हा संकेत सर्वत्र आढळतो. त्याला शरीरशास्त्राचा आधार ढोबळ आहे. सवय, वाटेचा उतार आणि ओझ्याची मांडणी यांनी आकडा बराच हलतो. ओझे शरीरावर कोठे आहे यालाही महत्त्व असते. पायांत वाहिलेले वजन तेवढ्याच पाठीवरच्या वजनाच्या कित्येक पट ऊर्जा खाते, असे १९६०नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. जड चामडी बुटांऐवजी हलके बूट वापरण्याकडे मंडळे वळली त्यामागे हे एक कारण आहे. शिधा दरडोई दररोज साधारण ०.७ ते १ किलो धरतात, आणि तंबू, स्टोव्ह व भांडी गटात वाटून घेतात. वाटणी करताना सशक्तांनी जास्त उचलायचे की सर्वांनी सारखे, यावर प्रत्येक मंडळात नव्याने वाद होतो.

वेळेचे गणित : नवख्या गटाची चाल अजमावण्यासाठी आजही स्कॉटलंडचे विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा नियम वापरतात : नकाशावरील दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. दशमान पद्धतीत हे तासाला सुमारे ५ किमी. आणि ६०० मी. चढाला एक जादा तास असे होते. त्यानुसार १२ किमी. अंतर व ९०० मी. चढ असलेल्या टप्प्याला चार तासांच्या आसपास लागावेत. हा नियम मुळात हलक्या ओझ्याच्या, सराव असलेल्या माणसासाठी आहे आणि विश्रांती त्यात धरलेली नाही. अमेरिकी गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांनी सुचवलेल्या ‘ऊर्जा-मैल’ या एककात चढाचे मोल अधिक धरले आहे. १,००० फूट चढ म्हणजे सपाटीवरचे दोन मैल, असे ते मानतात. नेस्मिथच्या हिशेबात तो दीडच मैल होतो. ताशी तीन मैलांचीच चाल धरली, तर वरील टप्पा पेट्झोल्टच्या पद्धतीने साडेचार तासांवर जातो. मोठ्या सॅक घेतलेल्या गटाला दुसरा अंदाज अधिक जवळचा ठरतो, आणि त्यावरही अनुभवी लीडर वेळ राखून ठेवतात. गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची असते आणि त्याला पुढे ठेवून चालावे, हे सूत्र मात्र कोणत्याही समीकरणात मावत नाही.

नेतृत्व व जोखीम : सुमारे आठ ते बारा जणांच्या गटाला दोन लीडर ही रचना प्रचलित आहे. एक पुढे चालतो, दुसरा सर्वांच्या मागे. लीडर होण्यासाठी आधी काही मोहिमांत सहभाग, नंतर सहायक म्हणून उमेदवारी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असा क्रम असतो. रानातील प्रथमोपचाराचा लहान अभ्यासक्रम साधारण १६ तासांचा, तर त्याहून वरचा ७० ते ८० तासांचा असतो. या प्रशिक्षणपद्धतीवर वेल्समध्ये १९४१मध्ये सुरू झालेल्या आउटवर्ड बाउंड या साहस-प्रशिक्षण संस्थेचा आणि पेट्झोल्ट यांनी १९६५मध्ये अमेरिकेत काढलेल्या राष्ट्रीय मैदानी नेतृत्व शाळेचा ठसा स्पष्ट आहे. दर तीन-चार वर्षांनी मंडळातील सगळी पिढी पदवी घेऊन निघून जाते. म्हणून कोणती वाट पावसात बंद होते, कोणता स्टोव्ह गळतो, ही माहिती नोंदवहीत उतरवून ठेवण्याला येथे अनन्यसाधारण महत्त्व येते.

अपघातांची चर्चा बहुधा कडे आणि नद्यांभोवती फिरते. प्रवासाच्या धोक्याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. पंधरा आसनी व्हॅन पूर्ण भरल्यावर उलटण्याची शक्यता बरीच वाढते, असा इशारा अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने २००१मध्ये दिला. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी अशा गाड्या वापरण्यावर बंधने घातली. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना रानात न्यावे की नाही, हा मूळ प्रश्न २०१८मध्ये ऐरणीवर आला. पेन स्टेट विद्यापीठाने जोखमीचा आढावा घेऊन १९२०पासून चालत आलेल्या आपल्या आउटिंग क्लबला विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखाली बाहेर मोहिमा काढण्यास मनाई केली. मुक्कामाच्या जागा दुर्गम आणि मोबाइल संपर्काबाहेरच्या असतात, हा आक्षेपांतील एक मुद्दा होता. दुर्गमता हाच ज्या उपक्रमाचा हेतू आहे, त्याला हा आक्षेप लावायचा झाल्यास एकही मंडळ उरणार नाही, अशी टीका त्यावर झाली. विमा आणि कायदेशीर दायित्व या बाजूने पाहिल्यास विद्यापीठाची भूमिका अनाकलनीय नाही. मात्र अन्यत्र बहुतेक ठिकाणी बंदीपेक्षा प्रशिक्षण व मार्गपत्रकाची पूर्वतपासणी यांवर भर दिलेला आढळतो.

रानावरील भार : मोठे गट वाटेची धूप आणि मुक्कामाच्या जागेची झीज वाढवतात. त्यामुळे अनेक संरक्षित प्रदेशांत गटसंख्येवर १० ते १५ची मर्यादा आहे, आणि मंडळांना एकाच दिवशी दोन गट वेगळ्या वाटांनी सोडावे लागतात. अमेरिकी वनखात्यातून पुढे आलेली आणि १९९४पासून स्वतंत्र संस्थेमार्फत चालणारी ‘खूण न ठेवण्या’ची सात तत्त्वे मंडळांनी सर्रास स्वीकारली आहेत. शौचासाठी पाण्यापासून सुमारे ६० मी. दूर, १५ ते २० सेंमी. खोल खड्डा करणे हा त्यातील नवख्यांना सर्वांत आधी शिकवावा लागणारा नियम. पिण्याचे पाणी एक मिनिट, आणि २,००० मी.हून अधिक उंचीवर तीन मिनिटे खळखळून उकळावे असा दंडक आहे. गाळण्या आल्यापासून इंधन वाचवण्यासाठी तो बऱ्याचदा मोडला जातो.