लाईट परत येते तेव्हा

मराठवाड्यात विहिरीवरच्या किंवा बोअरवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवलेला ‘ऑटो’ हा स्वयंचलनाचा बहुधा सर्वांत परिचित नमुना असावा. शेतीला थ्री फेज वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. तेव्हा अपरात्री विंचूकाट्यातून मळ्यात जाण्यापेक्षा वीज येताच मोटार आपोआप सुरू व्हावी, एवढेच काम हा ऑटो करतो. अडचण अशी, की एका रोहित्रावरचे (डीपीवरचे) सगळे ऑटो हे काम एकाच क्षणी करतात. पंपाची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह खेचते. पंधरा-वीस मोटारींनी एकदम उचल घेतली की विजेचा दाब खाली येतो, दाब खाली आल्यामुळे मोटारींना वेग पकडता येत नाही, वेग पकडता न आल्यामुळे प्रवाह चढाच राहतो, आणि अखेर फ्यूज उडतो किंवा डीपी जळते. ऑटो काढून विजेचा दाब सावरणारे कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करते ते याच कारणाने. ‘वीज आली की सुरू हो’ या सूचनेत कोणतीही अट नाही आणि कोणताही विलंब नाही. सारे नुकसान तेवढ्यातून होते.

घरातील दिवे, पंखे, कूलर आणि पाण्याची मोटार मोबाईलवरून किंवा आपोआप चालवणारी उपकरणे आता जालना, परभणी, लातूरच्या बाजारातही मिळतात. त्यांची माहितीपत्रके वाचली तर वीज आणि इंटरनेट अखंड मिळते असे गृहीत धरलेले दिसते. आपल्याकडे ते गृहीत धरता येत नाही. म्हणून कोणतेही उपकरण निवडताना त्याचा रंग, आवाजी आज्ञा किंवा दिव्याच्या लाखो छटा पाहण्याआधी, लाईट परत येईल तेव्हा हे उपकरण काय करील, हा प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे.

स्मार्ट बल्बपासून सुरुवात करू. त्यातील प्रकाश देणारा भाग साध्या एलईडीसारखाच असतो: निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्मार्ट बल्बमध्ये याशिवाय एक लहान संगणक आणि रेडिओ असतो, आणि आज्ञा ऐकण्यासाठी त्या रेडिओला सतत वीज लागते. त्यामुळे भिंतीवरचे बटण कायम चालूच ठेवावे लागते. घरातील कोणी सवयीने ते बंद केले की बल्ब आज्ञा ऐकण्याच्या पलीकडे जातो.

आता बल्बच्या बाजूने पाहा. बटण बंद झाले की गावाची लाईट गेली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. दोन्ही वेळी त्याची वीज जाते आणि पुन्हा येते. भिंतीवरचे बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे, अशी माणसाची अपेक्षा असल्याने बहुतेक उत्पादकांनी वीज मिळताच पूर्ण उजेडाने लागण्याची सवय बल्बला लावलेली असते. परिणाम असा होतो, की रात्री अकराला गेलेली लाईट तीनला आली की घरातील सगळे स्मार्ट बल्ब एकदम लागतात आणि झोपलेले घर उठून बसते. यावर उपाय आहे. बहुतेक चांगल्या बल्बांच्या ॲपमध्ये वीज परतल्यावरच्या वर्तनाची सोय असते आणि तिथे ‘पूर्वीची स्थिती’ निवडता येते. ही सोय नसलेला बल्ब झोपण्याच्या खोलीसाठी घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

बल्बऐवजी बटणाच्या मागे बसणारे स्मार्ट मॉड्यूल घेतले तर भिंतीवरचे बटणही चालते आणि मोबाईलही, म्हणून म्हातारी माणसे आणि पाहुणे असलेल्या घरात मला हाच पर्याय अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र त्याला स्वतःच्या रेडिओसाठी फेजबरोबर न्यूट्रलही (विजेच्या परतीची तार) लागते. जुन्या घरांत केवळ बटणे असलेल्या बोर्डात अनेकदा न्यूट्रल आणलेलीच नसते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात. ती दिवा बंद असतानाही त्याच्यातून किंचित प्रवाह जाऊ देतात आणि त्यावर जगतात. तारेच्या जुन्या बल्बला हा प्रवाह जाणवतही नसे, परंतु एलईडी तेवढ्यावर मंद तेवत राहतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर एक लहान कपॅसिटर जोडून हे थांबवता येते, तरी शक्य असेल तिथे वायरमनकडून बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढून घेणेच बरे.

यानंतर येते ते रूटीन, म्हणजे उपकरणाला आधी लिहून दिलेला दिनक्रम. प्रत्येक रूटीनमध्ये तीन गोष्टी असतात: सुरुवात करून देणारी घटना, तपासायची अट आणि करायची कृती. अंगणातील दिव्याचे उदाहरण घेऊ. ‘रोज सायंकाळी साडेसहाला लाव’ ही सूचना वर्षभर नीट चालत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात दिवा पाऊण तास उशिरा लागेल आणि उन्हाळ्यात चाळीस मिनिटे आधी. जवळपास सर्व ॲपमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश देऊन सूर्यास्ताची वेळ आपोआप काढता येते, आणि ती वेळ काढणे हे शुद्ध भूमिती असल्याने तिच्यात चूक होत नाही.

तरीही ‘सूर्यास्त झाला की दिवा लाव’ ही सूचना आपल्याकडे अपुरी पडते. सूर्यास्त ही एका क्षणाची घटना आहे. त्या क्षणी लाईट गेलेली असेल तर घटना होऊन जाते, ती ऐकायला कोणी जागे नसते, आणि सात वाजता लाईट आल्यावर उपकरण उद्याच्या सूर्यास्ताची वाट पाहत बसते. अंगणात अंधार राहतो आणि घरातल्यांना वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक बिघडलेले काही नसते. रूटीन घटनेवर लिहिलेले असते आणि ते स्थितीवर लिहायला हवे होते. ‘आजचा सूर्यास्त होऊन गेला आहे का, आणि रात्रीचे अकरा वाजायचे आहेत का? असेल तर दिवा चालू असला पाहिजे’ अशी स्थिती लिहून दिली आणि ती सूर्यास्ताला, अकराला आणि उपकरण जागे होताच, अशी तिन्ही वेळा तपासायला सांगितली, तर लाईट केव्हाही जावो-येवो, दिवा योग्य त्या स्थितीत येतो. साध्या ॲपमध्ये असे लिहिण्याची सोय नसेल तर दर पंधरा मिनिटांनी तीच तपासणी करणारे रूटीन हा ओबडधोबड, पण चालणारा मार्ग आहे. एकच आज्ञा दहा वेळा दिली तरी परिणाम एकच राहतो, तेव्हा त्यात नुकसान काही नाही.

स्थिती तपासायची तर उपकरणाला किती वाजले हे माहीत हवे, आणि इथे एक बारीक खोच आहे. स्वस्त वाय-फाय उपकरणांत घड्याळासाठी स्वतंत्र बॅटरी सहसा नसते. वीज गेली की त्यांची वेळ पुसली जाते आणि परत आल्यावर ती इंटरनेटवरून विचारून घ्यावी लागते. लाईट आली, पण इंटरनेट आले नाही, तर उपकरणाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही आणि वेळेवर आधारलेले एकही रूटीन चालत नाही. फायबरच्या जोडणीचा डबा आणि राउटर यांना लहान बारा व्होल्टचा यूपीएस लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. दोन्ही डबे मिळून इतकी कमी वीज घेतात, की तो काही तास सहज टिकतो. मात्र डब्यांना किती व्होल्ट लागतात, हे त्यांच्या ॲडॉप्टरवर वाचूनच यूपीएस घ्यावा.

त्याहून मूळचा प्रश्न निर्णय कोण घेते हा आहे. अनेक उपकरणांत ‘दिवा लाव’ ही आज्ञा घरातून निघून दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच घरातील दिव्याकडे येते. इंटरनेट नसेल तर रूटीनही नसते. याउलट घरातच बसवलेला हब, म्हणजे सर्व उपकरणांना जोडणारा मध्यवर्ती डबा, निर्णय घेत असेल तर बाहेरचे जाळे बंद असले तरी घरातील काम चालू राहते. २०१३ मध्ये सुरू झालेले ‘होम असिस्टंट’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच विचारावर उभे आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली ते ‘मॅटर’ हे मानकही उपकरणांनी घरातल्या घरात एकमेकांशी बोलावे यावर भर देते.

झिगबी या कमी शक्तीच्या रेडिओ पद्धतीच्या उपकरणांचा एक गुण आपल्याकडे उलटू शकतो. या पद्धतीत सतत विजेवर चालणारा प्रत्येक बल्ब किंवा प्लग शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोहोचवतो, म्हणून कमी शक्तीचे रेडिओ असूनही मोठे घर व्यापले जाते. परंतु लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर नसलेले बल्ब मुके होतात, आणि त्यांच्यामार्फत बोलणारा दाराचा किंवा हालचालीचा बॅटरीवरचा सेन्सर एकटा पडतो. आपल्या घरांत इन्व्हर्टरची लाईन बहुधा प्रत्येक खोलीतील एक दिवा आणि एक पंखा यांनाच दिलेली असते. हब या लाईनवर असावा हे सर्वांच्या लक्षात येते. निरोप पोहोचवणारा किमान एक प्लग किंवा बल्ब प्रत्येक बाजूच्या खोलीत याच लाईनवर असावा, हे सहसा कोणी सांगत नाही.

हालचाल ओळखून दिवा लावणारे सेन्सर इथल्या उन्हाळ्यात का चुकतात, हेही पाहण्यासारखे आहे. सर्वसाधारण पीआयआर सेन्सर माणसाच्या शरीरातून निघणारे, सुमारे दहा मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो. तो उष्णता मोजत नाही, तर मागची भिंत आणि पुढून जाणारा माणूस यांतील फरक टिपतो. त्वचेचे तापमान साधारण तेहतीस ते पस्तीस अंश असते. जानेवारीच्या पहाटे भिंत पंधरा-सोळा अंशांवर असताना हा फरक ठळक असतो. मे महिन्यात संध्याकाळी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतील भिंतीही पस्तीस अंशांवर आल्या की माणूस सेन्सरला जवळजवळ दिसेनासा होतो. रडारवर चालणारे नवे सेन्सर तापमानावर अवलंबून नसतात आणि स्थिर बसलेल्या माणसाचा श्वासही ओळखतात, पण त्यांना फिरता पंखा आणि हलणारा पडदाही माणूस वाटू शकतो. उन्हाळाभर पंखा थांबत नसलेल्या खोलीत असा सेन्सर छताकडे न वळवता खांद्याच्या उंचीवर, पंख्याची पाती त्याच्या नजरेबाहेर राहतील असा बसवावा लागतो.

पाण्याची मोटार हा मात्र दिव्यांपेक्षा जबाबदारीचा विषय आहे. अनेक शहरांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, ते हौदात साठते आणि तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग पुरेल, असा हिशेब लोक करतात. पण सुरू होतानाच्या चढ्या प्रवाहात प्लगमधील रिलेचे (विजेने चालणाऱ्या लहान स्विचचे) संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मग ॲप ‘बंद’ दाखवते आणि मोटार चालूच राहते. म्हणून स्मार्ट उपकरणाने फक्त कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलला वीज द्यावी आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. टाकीत पाणी कमी झाल्याची आणि भरल्याची पातळी वेगवेगळी ठेवावी, म्हणजे पाण्याच्या हिंदोळ्यावर मोटार दर मिनिटाला चालू-बंद होणार नाही. हौद रिकामा असताना मोटार चालू नये, यासाठी हौदातला फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच) थेट तारेने जोडलेला असावा; ही सुरक्षा रेडिओवर किंवा ॲपवर सोपवू नये.

लाईट आल्यावरचा क्रमही इथेच ठरवावा. दिवे लगेच लागण्यास हरकत नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समान होण्यासाठी तीनेक मिनिटे थांबावे लागते, म्हणूनच स्टॅबिलायझरमध्ये तेवढा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. कूलर त्यानंतर, आणि मोटार सर्वांत शेवटी, विजेचा दाब काही मिनिटे स्थिर असल्याचे पाहून. मोटारीच्या विलंबात दोन-चार मिनिटांचा यादृच्छिक, म्हणजे दरवेळी वेगळा पडणारा, भाग घालावा, कारण गल्लीतील सर्वांनी नेमकी पाचच मिनिटे ठेवली तर तो भार पाच मिनिटांनी एकत्र येईल, इतकाच फरक पडेल.

विजेची बचत होईल या आशेने दिवे स्मार्ट करू नयेत. नऊ वॅटचा एलईडी रोज चार तास लावला तर ३६ वॅट-तास खर्च होतात, आणि स्मार्ट बल्ब नुसता आज्ञेची वाट पाहत अर्धा वॅट घेत असेल तर दिवसाला दहा वॅट-तास त्यातच जातात. दिवसाउजेडी लागून राहणारे अंगणातील किंवा जिन्यातील दिवे असतील तरच हिशेब फायद्याचा होतो.

सर्व बसवून झाल्यावर मेन स्विच उतरवून तपासणी करावी. सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी वीज बंद करून अर्ध्या तासाने चालू करावी आणि अंगणातील दिवा लागतो का ते पाहावे. मध्यरात्रीनंतर तेच करून झोपण्याच्या खोलीतील दिवा बंदच राहतो का ते पाहावे. आणि तिसऱ्या वेळी राउटरला येणारी फायबरची तार काढून ठेवून मेन स्विच पुन्हा उतरवावा आणि चढवावा. तिसऱ्या तपासणीत जी रूटीन चालणार नाहीत, तेवढीच इंटरनेटवर अवलंबून आहेत असे समजावे आणि त्यांच्यावर पाण्याची मोटार सोपवू नये.