परांबिकुलमची सागवानी ट्राम (1907–1963)

माथेरानची गाडी 1907 साली सुरू झाली, हे आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असतं. त्याच साली आजच्या केरळातल्या कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातलं सागवान खाली चालकुडीला आणणारी ट्राम चालू केली. दोन्हीकडची इंजिनं बर्लिनच्या एकाच कंपनीची. माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, हिचे मीटर गेज. लांबी मात्र तिच्या जवळजवळ चौपट, सुमारे 80 किलोमीटर.

चालकुडीवरून जाणारी शोरनूर–एर्नाकुलम रेल्वे 1902 मध्ये आली तेव्हा संस्थानाला बाजार जवळ आला, पण उत्तम साग घाटमाथ्यावर होता. ओंडके हत्तींनी रुळापर्यंत ओढत आणायचे, तिथून पुढे ट्रामने न्यायचे. घाटात जिथे चढ इंजिनाच्या आवाक्याबाहेर होता तिथे इंजिन वापरलंच नाही. उताराच्या माथ्यावर मोठं चाक, त्यावरून दोर. लाकडाने भरलेली वाघीण (मालडबा) खाली जाताना आपल्याच वजनाने रिकामी वाघीण वर खेचायची. कोळसा लागायचा नाही, वाफ लागायची नाही, माथ्यावरचा ब्रेक सांभाळणारा माणूस तेवढा पक्का हवा. इंजिनं या उतारांवरून ये-जा करत नसल्यामुळे मार्गाचे टप्पे पडले होते आणि प्रत्येक टप्प्याची इंजिनं त्या टप्प्यातच राहत.

पुढे 1930 च्या दशकात शोरनूर–एर्नाकुलम हा मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा झाला. ट्राम मीटर गेजच राहिली, म्हणजे चालकुडीला माल एका वाघिणीतून दुसरीत चढवणं आलं. याच दशकात, 1933 साली, मुंबईचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांच्या पाहणीत कुरिआरकुट्टीला मुक्कामाला होते. ट्रामचा तिथला पूल अजून उभा आहे.

खरा वाद आहे तो ट्राम बंद करण्याच्या निर्णयाचा. ती तोट्यात चालते ही तक्रार संस्थानकाळापासूनची. 1949 मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्य झालं, 1956 मध्ये केरळ. प्रत्येक नव्या सरकारच्या हाती तीच जुनी वही आली. अखेर खर्चाची छाननी करणाऱ्या समितीने ट्राम मोडीत काढण्याची शिफारस केली आणि 1963 साली ती बंद झाली.

पण हा तोटा मोजला कसा? जंगल सरकारचं, लाकूड सरकारचं, ट्रामही सरकारचीच. लाकडाचं भाडं कमी धरलं की ट्राम तोट्यात आणि जंगल नफ्यात दिसणार; जास्त धरलं की उलट. वखारीत सागाला जो भाव मिळत होता त्यातला ट्रामचा वाटा किती, हे ठरवल्याशिवाय नुसत्या ट्रामच्या वहीवरून निकाल देणं म्हणजे विहिरीचं पाणी विकून रहाटाला खर्चिक म्हणणं झालं. दोर, रूळ, पूल यांची देखभाल महाग होती हे खरंच, पण ती काही अचानक महाग झाली नव्हती. नवं होतं ते हे की डोंगरात रस्ते आणि लॉऱ्या पोचल्या होत्या. पोरिंगलकुत्तूचा जलविद्युत प्रकल्प 1957 मध्ये सुरू झाला, परांबिकुलम–आळियार योजनेची धरणं 1960 च्या दशकात उभी राहिली. लॉरीच्या खर्चातला रस्ता दुसऱ्याच खात्याच्या वहीत मांडला जात होता. ही तुलना सरळ होती असं मला वाटत नाही.

त्यानंतरची हकिगत जंगलाची आहे. परांबिकुलम 1973 मध्ये अभयारण्य झालं, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. कन्निमारा नावाचा प्रचंड साग कुऱ्हाडीतून वाचला, आज पर्यटक तो बघायला जातात. तोडलेल्या जंगलाच्या जागी लावलेले सागाचे मळेही तिथे आहेत. तेव्हा 1963 साली ट्राम राखली असती तरी लाकडाच्या जिवावर ती फार वर्षं चालली नसती, एवढं समितीच्या बाजूने म्हणता येईल.