फाइलचा टाइमस्टँप आणि टाइमझोन

फाइल कधी बनली, कधी बदलली, शेवटची कधी वाचली, हे ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवते त्याला टाइमस्टँप म्हणतात. दिसायला साधी गोष्ट आहे, पण ही वेळ कुठली धरायची, भिंतीवरच्या घड्याळातली की सगळ्या जगाला एकच असलेली यूटीसी, यावर फाइलसिस्टीमवाल्यांचं (फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) कधी एकमत झालंच नाही आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

युनिक्सचा हिशोब सरळ आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसीच्या) किती सेकंद झाले तो आकडा डिस्कवर लिहायचा, बस. टाइमझोन कर्नलच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) खिजगणतीतही नाही, फाइलची यादी दाखवताना प्रोग्राम तुमची सेटिंग बघून वेळ काढून दाखवतो, त्यामुळे तीच फाइल पुण्यात एक वेळ दाखवते, लंडनमध्ये दुसरी, आणि दोन्ही बरोबर असतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइलसिस्टीम पण यूटीसीच ठेवते, फक्त मोजायला १६०१ पासून सुरुवात करते आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत मोजते.

खरा घोळ फॅटचा. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातली ही फाइलसिस्टीम, पण पेनड्राइव्हवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डात अजून ठाण मांडून बसलीय. तिच्यात तारखेला १६ बिट आणि वेळेला १६ बिट. वर्षाला ७ बिट, म्हणून १९८० ते २१०७ एवढीच रेंज, आणि सेकंदाला उरतात ५च बिट, त्यात ६० मावत नाहीत म्हणून बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहितात, विषम सेकंद मिळणारच नाही! एवढं एक वेळ चाललं असतं, पण वेळ लिहिली जाते ती लोकल, आणि कुठल्या गावची लोकल ते कुठेच लिहिलेलं नसतं. एकच माणूस एकच पीसी वापरणार असं धरलं तर त्या काळी ते ठीकच होतं म्हणा.

आता लिनक्सला अशी फाइल वाचायची तर लोकलवरून यूटीसी काढावी लागते. उन्हाळी वेळेचे (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात त्याचे) नियम, कुठल्या देशाने कधी काय बदललं, हा सगळा डेटाबेस कर्नलच्या बाहेर असतो, कर्नलकडे असतो फक्त एक आकडा, यूटीसीपासून किती मिनिटं लांब, आणि फॅटचा ड्रायव्हर तोच वापरतो. तो आकडा बूट होताना शून्यच राहिला तर विंडोजवर सकाळी १० ला सेव्ह केलेली फाइल लिनक्समध्ये दुपारी साडेतीनची दिसते. आपल्याकडे ड्युअल बूट केलेल्या (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या) कोणालाही हा साडेपाच तासांचा फरक लगेच ओळखू येईल (अख्खं घड्याळच साडेपाच तास पुढेमागे होतं तो प्रकार वेगळा, त्यात विंडोज मदरबोर्डचं घड्याळ लोकल धरतं आणि लिनक्स यूटीसी). फाइलीच्या वेळेच्या या घोळावर उपाय म्हणून डिस्क माउंट करताना (सिस्टीमला जोडताना) टाइमझोन किंवा मिनिटांचा फरक हाताने देता येतो.

भारतात उन्हाळी वेळ नाही म्हणून आपण निम्म्या त्रासातून सुटलो. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचा दीड दोनदा वाजतो, त्यातल्या कुठल्या दीडला फाइल सेव्ह झाली हे फॅटवरून कळायचा काहीच मार्ग नाही. शिवाय घड्याळ बदललं की बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला सगळ्याच फाइली एका तासाने बदललेल्या वाटतात आणि तो सगळं परत कॉपी करत बसतो. रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल कॉपी करायच्या प्रोग्राममध्ये हा एक तास माफ करायचा वेगळा स्विच आहे आणि फॅटच्या त्या दोन सेकंदांसाठी आणखी एक वेगळा, यावरून दुखणं किती जुनं असेल ते बघा.

फॅटची पुढची आवृत्ती असलेल्या एक्सफॅटने हे सुधारलं. तिच्यातही वेळ लोकलच, पण शेजारी एका बाइटमध्ये यूटीसीपासूनचा फरक पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबात लिहितात, भारताचा २२ आणि नेपाळचा २३. माझ्या मते पूर्ण तासांचा हिशोब न धरणं हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग.

युनिक्सवाल्यांनाही त्यांचं दुखणं आहेच. जुना ३२ बिटांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो, आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजत आलेले असतील. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलसिस्टीमने मोठ्या आयनोडमध्ये (फाइलची माहिती ठेवायच्या नोंदीत) दोन जादा बिट देऊन ते २४४६ पर्यंत ढकललंय.

झिप फाइलनेही वेळ लिहायची पद्धत डॉसचीच उचलली. पुण्यात संध्याकाळी ६ ला केलेली झिप न्यू जर्सीत लगेच उघडली तर तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ असतात आणि आतल्या फाइली मात्र संध्याकाळी ६ च्या, म्हणजे भविष्यातल्या, मग मेक (बदललेल्या फाइली वेळेवरून ओळखून प्रोग्राम परत बांधणारं टूल) चालवलं की ते घड्याळात घोळ असल्याची वॉर्निंग देतं. झिपमध्ये यूटीसी वेळेचं जादा फील्ड टाकायची सोय नंतर आली, पण झिप करणारा आणि उघडणारा दोन्ही प्रोग्रामना ते कळत असेल तरच त्याचा उपयोग.