सायंटिफिक अमेरिकन : मांडणी आणि चित्रसजावट

न्यूयॉर्कहून निघणारे लोकप्रिय विज्ञान मासिक. विज्ञानाची ओढ असलेल्या, पण त्या विषयात तज्ज्ञ नसलेल्या वाचकाला चित्राच्या बळावर अवघड लेखात उतरवण्याची हातोटी, ही त्याची विसाव्या शतकातील मुख्य ओळख.

२८ ऑगस्ट १८४५ रोजी रूफस पोर्टर याने ते चार पानी साप्ताहिक म्हणून सुरू केले. पोर्टर स्वतः भित्तिचित्रे रंगवणारा होता. पुढच्याच वर्षी ते ऑर्सन मन आणि आल्फ्रेड बीच यांच्याकडे गेले. त्यांची पेटंट मिळवून देणारी कचेरीही होती, त्यामुळे नव्या यंत्रांची बारकाईने कोरलेली चित्रे वाचकाचे कुतूहल भागवत आणि कचेरीचा धंदाही वाढवत. १९२१ मध्ये साप्ताहिकाचे मासिक झाले.

खरा पालट १९४८ चा. जेरार्ड पील, डेनिस फ्लॅनगन आणि डोनल्ड मिलर यांनी डबघाईला आलेले मासिक विकत घेतले. पील व फ्लॅनगन ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकात मुरलेले होते. लेख शक्यतो शास्त्रज्ञानेच लिहायचा, संपादकाने तो सुबोध करायचा आणि चित्रकाराने त्याला आकार द्यायचा, अशी घडी त्यांनी बसवली. मुखपृष्ठावर मथळ्यांची गर्दी नसे. वर मासिकाचे नाव, खाली एकच मोठे चित्र आणि विषय सांगणारे दोन-चार शब्द. चित्र कशाचे, हे कळायला अंक उघडावा लागे. आत त्यावर वेगळे टिपण असे. गिऱ्हाइकाला कोड्यात टाकण्याची ही रीत आजच्या मुखपृष्ठांपेक्षा धीट म्हणावी लागेल. आतल्या चित्रांखालचा मजकूरही ऐसपैस असे, म्हणजे नुसती पाने चाळणाऱ्यालाही काहीतरी गवसे.

चित्रकार अर्व्हिंग गाइस याने १९६१ मध्ये शास्त्रज्ञ जॉन केंड्रू यांच्या लेखासाठी काढलेले मायोग्लोबिनचे (स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) जलरंगचित्र हा या परंपरेचा कळस. स्पर्म व्हेलच्या स्नायूतील या प्रथिनात १५३ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक रेणू, असतात. त्यांची गुंतागुंत हाताने रंगवायला गाइसला सुमारे सहा महिने लागले. मधल्या लोहाच्या अणूतूनच उजेड फाकतो आहे, असे त्याने दाखवले. प्रत्यक्षात असला उजेड नसतोच. पण त्यामुळे नजर नेमकी ऑक्सिजन धरला जातो त्या जागी खिळते. केंड्रू यांना पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले.

मार्टिन गार्डनर यांच्या गणिती सदराने वाचकाचा हातही कामाला लावला. डिसेंबर १९५६ च्या अंकातील त्यांच्या लेखात कागदाची पट्टी दुमडून षट्कोनी खेळणे करण्याची कृती होती. ते उलगडले की लपलेली बाजू वर येई. जानेवारीपासून सदर नियमित झाले आणि त्याचे विषय अधूनमधून मुखपृष्ठावर झळकू लागले : एप्रिल १९६१ मध्ये डच चित्रकार एशरची पक्ष्यांची नक्षी, जानेवारी १९७७ मध्ये ब्रिटिश गणिती पेनरोझच्या, नक्षीची नियमित पुनरावृत्ती न होता जमीन झाकणाऱ्या फरश्या. ऑगस्ट १९८५ च्या मुखपृष्ठावर आलेला मँडेलब्रॉट संच (साध्या गणिती सूत्रातून उमटणारी, कितीही मोठी करून पाहिली तरी नवे बारकावे दाखवणारी आकृती) मात्र कुंचल्याने नव्हे, संगणकाने काढलेला होता.